६० मुली, ७५ रुग्ण आणि एक तक्ता

नर्सिंग कॉलेजच्या स्टाफरूममध्ये भिंतीवर एक मोठा तक्ता लावलेला असतो. आडवे आठवडे, उभे वर्ग, मध्ये रंगीत चौकटी. ॲडमिशनला आलेले पालक त्याच्याकडे बघून म्हणतात, "टाइमटेबल अगदी व्यवस्थित दिसतंय." त्याला आम्ही मास्टर रोटेशन प्लॅन म्हणतो. टाइमटेबल लावताना खोली रिकामी आहे का आणि शिकवणारे मोकळे आहेत का, एवढंच बघावं लागतं. हा तक्ता लावताना मात्र जूनमध्ये बसून अंदाज करायचा असतो, की ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात पंचवीस किलोमीटरवरच्या एका दवाखान्यात, आपल्या मुलींना जे शिकायचं आहे नेमकं तेच दुखणं घेऊन पुरेशी माणसं भरती असतील का. माणसं काही आपल्या सेमिस्टरप्रमाणे आजारी पडत नाहीत.

मी काही वर्षं हा तक्ता लावायचं काम केलं. कागदावर हुद्दा होता क्लिनिकल को-ऑर्डिनेटर, मुलींच्या भाषेत 'पोस्टिंगवाल्या मॅडम'. पोस्टिंग म्हणजे वॉर्डात शिकायला पाठवणं. नर्सिंग शिकणारी पोरगी अर्धा वेळ वॉर्डात असते हे सगळ्यांना माहीत असतं, पण ती तिथे पोचते कशी, हे घरच्यांनाच काय, खुद्द तिलाही ठाऊक नसतं. तेवढंच इथे उलगडून सांगते.

आधी तास मोजू. बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचं. भारतीय नर्सिंग परिषदेने २०२१ मध्ये अभ्यासक्रम बदलून सेमिस्टर आणि क्रेडिट आणले, त्यानुसार आठ सेमिस्टर. वर्गातल्या शिकवण्याचं एक क्रेडिट म्हणजे सेमिस्टरभर आठवड्याला एक तास. वॉर्डातलं एक क्रेडिट म्हणजे आठवड्याला चार तास, म्हणजे वीस आठवड्यांचे ८० तास. तिसऱ्या सेमिस्टरला मोठ्या माणसांच्या आजारांचा जो विषय असतो, त्याला वॉर्डाची सहा क्रेडिट आहेत. सहा गुणिले ऐंशी, ४८० तास. आठवडाभरात २४ तास वॉर्डात, तेही सगळे वीस आठवडे. शेवटच्या सेमिस्टरला तर इंटर्नशिपच असते: २२ आठवडे, आठवड्याला ४८ तास. आणि नियम असा, की वर्गातली हजेरी ८० टक्के चालते, वॉर्डातली १०० टक्के भरल्याशिवाय पदवी नाही.

हे तास मुलीच्या बाजूचे. आता खाटांच्या बाजूने बघू.

परिषदेचं म्हणणं असं, की कॉलेजचं स्वतःचं किमान १०० खाटांचं हॉस्पिटल हवं, त्यातल्या पाऊणशे तरी भरलेल्या हव्यात, आणि एका विद्यार्थिनीमागे तीन रुग्ण असावेत. ७५ भागिले तीन, २५. म्हणजे पूर्ण चालणारं शंभर खाटांचं हॉस्पिटल एका वेळी २५ मुलींना पुरतं. वर्ग असतो ६० चा. चार वर्षांचे मिळून २४०. उरलेल्यांना सिव्हिलला, उपजिल्हा रुग्णालयात, तीस खाटांच्या ग्रामीण रुग्णालयात, प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवायचं. त्यासाठी करार करायचे, फी भरायची, बस लावायची. आणि दर दहा मुलींमागे एक शिक्षिका सोबत द्यायची. ६० मुली बाहेर म्हणजे सहा शिक्षिका बाहेर, आणि त्याच सहाजणींची दुसऱ्या वर्गांवर दुपारची लेक्चरं लावलेली. बस परतायला अर्धा तास उशीर झाला की दोन वर्ग रिकामे बसतात.

बरं, हे पंचाहत्तर सगळे उपयोगाचे असतात असंही नाही. पंधराजणांना आज डिस्चार्ज आहे. एका खोलीत ओळीने मोतीबिंदूवाले. आयसीयूत आठ खाटा, तिथे दोन मुलींपेक्षा जास्त उभ्या केल्या तर सिस्टरला सलाइनचा स्टँड हलवायला जागा राहत नाही. ऑपरेशन थिएटरमध्ये तीन. चौथी गेली की ती हमखास निर्जंतुक ट्रॉलीला कोपर लावते आणि सगळा सेट पुन्हा उघडावा लागतो. म्हणून खाटेचा आकडा तपासणीला आलेल्या समितीला दाखवायला बरा. तक्ता लावणारी बाई मोजते ती 'केसेस'.

याचं सगळ्यात अवघड उदाहरण म्हणजे लेबर रूम. जुन्या अभ्यासक्रमात प्रत्येक विद्यार्थिनीने २० नॉर्मल प्रसूती स्वतः करायच्या असत, अर्थात देखरेखीखाली. ६० मुली गुणिले २० म्हणजे १,२०० प्रसूती. समजा एका दवाखान्यात महिन्याला १५० नॉर्मल बाळंतपणं होतात. एकही न सोडता सगळी आमच्याच मुलींच्या वाट्याला आली, तरी आठ महिने लागणार. त्याच लेबर रूमला आणखी दोन कॉलेजं आली की दोन वर्षं. आणि मुली आठ ते दोन तिथे असतात, बाळं मात्र रात्री दोनलाही येतात. त्यामुळे नाईट ड्यूटी लावणं भाग पडतं. मग होस्टेलची गाडी, सोबत एक शिक्षिका, घरून येणारे फोन, "मॅडम, रात्रीचं कशाला?" नव्या अभ्यासक्रमात स्वतः करायच्या केसेसची यादी नव्याने बांधलेली आहे, पण अडचणीची जात तीच. एका प्रसूतीच्या नोंदीवर तीन मुलींच्या केस बुकात, म्हणजे प्रत्येकीने केलेल्या केसेसच्या वहीत, सह्या होतात ही गोष्ट या क्षेत्रातल्या कुणालाही नवीन नाही. त्या सहीमागे कामचुकारपणा कमी आणि हा भागाकार जास्त असतो, असं माझं मत आहे. पण सही ती सहीच. तिच्या जोरावर पुढे कुठेतरी एकटीने बाळंतपण करायची वेळ येते.

मुलग्यांचा प्रश्न आणखी वेगळा. नर्सिंगला मुलगे असतात, त्यांनाही प्रसूतीचा विषय आहे, परीक्षाही आहे. पण कळा देणाऱ्या बाईला, तिच्या सासूला, दारात उभा असलेला विशीतला पोरगा नको असतो, आणि त्यांनी नाही म्हटलं तर नाहीच. आम्ही मुलग्यांना आधी प्रसूतीपूर्व तपासणीच्या ओपीडीत बसवायचो. बीपी, वजन, रक्ताचे रिपोर्ट, नोंदी. चार दिवसांत त्याच बाया त्याला ओळखायला लागतात. "ते ब्रदर आहेत ना, असू दे" असं एखादीने म्हटलं की वाट मोकळी. हे तक्त्यात लिहिता येत नाही. फक्त मुलग्यांचा ओपीडीचा आठवडा लेबर रूमच्या आधी टाकता येतो, तेवढं करायचं.

मानसिक आरोग्याच्या पोस्टिंगची अडचण अंतराची. महाराष्ट्रात सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं कित्येक वर्षं चारच: येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी. राज्यभरातल्या नर्सिंग कॉलेजांना हा विषय शिकवावाच लागतो, त्यामुळे लांबलांबच्या जिल्ह्यांतून मुली या चार गावांत येतात. पोस्टिंगचं पत्र मिळवायला महिनोन्महिने आधी अर्ज, मग राहायची जागा, मेस, सोबत जाणारी शिक्षिका. तिच्याही घरी कुणी तान्हं असतं, कुणाची दहावी असते. एकदा तारीख मिळाली की तिच्याभोवती अख्खं सेमिस्टर वाकवायचं. दुसऱ्या विषयाची परीक्षा मध्ये आली तर परीक्षा हलते. मनोरुग्णालयाची तारीख हलत नाही.

चौकटी कशा फिरतात

६० चे सहा गट करायचे, प्रत्येकी दहाजणी. वॉर्ड सहा: पुरुषांचं मेडिकल, बायकांचं मेडिकल, सर्जिकल, हाडांचं, थिएटर, आयसीयू. पहिला गट पहिल्या वॉर्डात, दुसरा दुसऱ्यात, दर तीन आठवड्यांनी सगळ्यांनी एक घर पुढे सरकायचं. अठरा आठवड्यांत सगळ्या सगळीकडे जाऊन येतात. भोंडल्याच्या फेरासारखं, ऐकायला सोपं.

पण थिएटर आणि आयसीयूत दहाजणी मावत नाहीत हे आपण आत्ताच बघितलं. मग त्या गटातल्या तिघी थिएटरमध्ये, तिघी रिकव्हरीत, दोघी निर्जंतुकीकरण विभागात, दोघी ड्रेसिंगला असं पोटात पोट करावं लागतं, आणि शिक्षिका एकच, चार ठिकाणी धावणारी. दुसरं, पहिल्याच फेरीला आयसीयूत गेलेल्या गटाला अजून व्हेंटिलेटरचा धडा शिकवलेलाच नसतो. शेवटी जाणाऱ्या गटाला तो शिकवून तीन महिने झालेले असतात आणि त्या विसरलेल्या असतात. सगळ्यांना न्याय देणारा क्रम मला तरी कधी सापडला नाही. मी एवढंच करायचे, की सगळ्यात धीट दहाजणी पहिल्या फेरीला आयसीयूत टाकायच्या आणि त्यांच्यासाठी आदल्या शनिवारी स्किल लॅबमध्ये पुतळ्यावर दोन तास घ्यायचे. मुलींना वाटायचं मॅडमची त्या दहाजणींवर खुन्नस आहे.

आणि ऋतू. हे कुठल्याही नियमपुस्तकात नाही, पण तक्ता लावणारीला पाठ असतं. पावसाळ्यात मेडिकल वॉर्ड ओसंडून वाहतो. डेंग्यू, ताप, जुलाब, जमिनीवर गाद्या. त्या आठवड्यांत तिथे कुणालाही पाठवा, शिकायला कमी पडत नाही. फक्त वॉर्डातल्या सिस्टरना श्वास घ्यायला फुरसत नसते, त्यामुळे शिक्षिका खमकी द्यायची. पितृपक्षात ठरवून करायची ऑपरेशनं लोक पुढे ढकलतात, सर्जिकल वॉर्ड निम्मा. दिवाळीच्या आठवड्यात जो तो डिस्चार्ज मागतो. मे महिन्यात शाळेला सुट्टी, म्हणून मुलांच्या टॉन्सिल-हर्नियाची ऑपरेशनं येतात, पण नेमक्या आमच्या परीक्षा. पहिल्या वर्षी मी सर्जिकलची फेरी अगदी पितृपंधरवड्यात टाकली होती. दहा मुली, सहा रुग्ण, त्यातले दोघे घरी जायच्या तयारीत. एका अपेंडिक्सवाल्या दादांचा दहाजणींनी मिळून केअर प्लॅन लिहिला.

एक हात, सहा पट्टे

हा प्रसंग मी तिथेच उभी राहून पाहिला. पुरुषांचं मेडिकल, सकाळचे साडेनऊ. खिडकीजवळच्या खाटेवर दम्याचे एक आजोबा. आमच्या कॉलेजच्या मुलीने बीपी घेतलं. मग शेजारच्या कॉलेजची आली, मग जीएनएमची, म्हणजे नर्सिंगच्या डिप्लोमाची, दुसऱ्या वर्षाची, मग एमबीबीएसचा विद्यार्थी. सहावी मुलगी पट्टा गुंडाळायला लागली तेव्हा आजोबांनी शर्टाची बाही स्वतःच वर केली आणि म्हणाले, "घे पोरी, पण आधीच्या पाचजणींचं एकसारखं आलं का ते विचारून सांग मला." नव्हतं आलं. १३० पासून १५८ पर्यंत होतं.

आजोबा हसले म्हणून आपण हसतो. पण ते तिथे धाप लागली म्हणून आलेले, शिकवायला आलेले नाहीत. एका जिल्हा रुग्णालयात सरकारी नर्सिंगच्या मुली, खासगी कॉलेजांच्या मुली, एएनएम या नर्सिंगच्या छोट्या कोर्सच्या मुली, फिजिओथेरपीवाले, इंटर्न डॉक्टर, सगळे त्याच खाटांपाशी. प्रत्येक कॉलेजने आपापल्या कागदावर एकास तीन हे प्रमाण बरोबर दाखवलेलं असतं, कारण प्रत्येकाने त्याच खाटा स्वतःच्या म्हणून मोजलेल्या असतात. त्या प्रसंगानंतर आम्ही तीन कॉलेजांच्या को-ऑर्डिनेटर बाया एका हॉटेलात चहाला भेटलो आणि वॉर्ड वाटून घेतले: सोमवार ते बुधवार तुम्ही, गुरुवार ते शनिवार आम्ही, लेबर रूमला रात्री आलटून-पालटून. त्या चहाचा कुठेच ठराव नाही, शिक्का नाही. पण माझ्या सगळ्या वर्षांतलं सर्वांत उपयोगी काम तेच.

बाकी सगळं वॉर्डातल्या इनचार्ज सिस्टरच्या हातात असतं. करार सिव्हिल सर्जनशी होतो, परवानगीचं पत्र मेट्रन मॅडमकडे जातं, पण मुलगी शिकणार की भिंतीला टेकून उभी राहणार, हे इनचार्ज सिस्टर ठरवतात. सकाळी आठला ओव्हर, म्हणजे ड्यूटी सोपवणं, चालू असते. रात्रीच्या सिस्टर एकेका खाटेपाशी सांगत जातात: काय दिलं, काय राहिलं, कुणाला लघवी झाली नाही. त्या वेळी दहा पोरींचा घोळका चप्पल वाजवत आत शिरला की दिवस गेलाच. "किती आणल्यात, मॅडम?" "दहा." "मला चार पुरेत." पुढचं बोलणं आपल्या जिभेवर. त्यांची तक्रार खरीच असते. मुली वॉर्डातले थर्मामीटर वापरतात, एक फुटतो, रजिस्टरला भरून द्यावा लागतो तो सिस्टरना. कापसाचा ड्रम दुपारपर्यंत पुरत नाही. म्हणून आम्ही नियम केला: थर्मामीटर, बीपीचं मशीन, कात्री, हातमोजे, सगळं कॉलेजचं, पेटीत घालून न्यायचं, मोजून आणायचं. पेटी नेल्याच्या दुसऱ्या आठवड्यात चाराच्या सात झाल्या.

उलट बाजूही आहे. जिथे स्टाफ कमी, तिथे मुली आल्या की बरं वाटतं: चादरी बदलून होतात, सॅम्पल लॅबला पोचतं, स्ट्रेचर ढकलायला हात मिळतात. तीन आठवड्यांचं पोस्टिंग लॅब आणि वॉर्ड यांच्या मधल्या जिन्यातच संपलेल्या मुली मी पाहिल्यात. ब्रिटनमध्ये शिकाऊ नर्सना कर्मचाऱ्यांच्या संख्येत धरायचं नाही असं धोरण आहे. ती वॉर्डातल्या माणसांच्या वर, जादा. आपल्याकडे तोंडाने सगळे तेच म्हणतात. पण रात्री साठ रुग्णांना दोन सिस्टर असल्या, तर तिसरी शिकाऊ मुलगी 'जादा' कशी राहणार?

पत्र, सुई आणि राहिलेले दिवस

माझी एक चूक सांगते. एका दवाखान्यात लेबर रूमचं पोस्टिंग होतं. दीड महिना आधी पत्र दिलं, आवक क्रमांक घेतला, फाइलला लावला, आणि मी निश्चिंत. त्या दिवशी बस पोचली तर लेबर रूमला कुलूप, आत रंगकाम, बाळंतिणींना दुसरीकडे पाठवत होते. ज्या साहेबांच्या नावाने पत्र होतं त्यांची बदली झालेली, पत्र आवकच्या ट्रेमध्ये तसंच. दहा मुली व्हरांड्यात ॲप्रन घालून उभ्या, आणि सोबतची शिक्षिका मला फोनवर विचारत होती, "आता?" त्या दिवशी त्यांनी लसीकरणाच्या खोलीत बाळांची वजनं केली. तेव्हापासून पोस्टिंगच्या आदल्या संध्याकाळी थेट वॉर्डातल्या सिस्टरना फोन करायचा, ही सवय लागली. आवक क्रमांकाने फक्त पत्र पोचल्याचं कळतं.

सुईचंही तसंच आधी बघावं लागतं. वॉर्डात जाणाऱ्या प्रत्येक मुलीला हिपॅटायटिस बी ची लस हवी. तिचे तीन डोस: पहिला, महिन्याने दुसरा, पहिल्यापासून सहा महिन्यांनी तिसरा. मुलगी ॲडमिशन घेऊन थोड्याच दिवसांत वॉर्डात जाते. म्हणजे ॲडमिशनच्या आठवड्यातच पहिला डोस झाला नाही, तर ती अर्ध्या वर्षाहूनही जास्त काळ पुऱ्या संरक्षणाशिवाय फिरते. आणि वापरलेली सुई टोचलीच तर? बोट दाबत बसायचं नाही, साबणाने आणि वाहत्या पाण्याने धुवायचं, लगेच सांगायचं. एचआयव्हीपासून बचावाच्या गोळ्या लागल्या तर त्या शक्यतो दोन तासांत सुरू व्हाव्यात, ७२ तासांच्या आत तरी नक्की. त्यामुळे नव्या दवाखान्याशी बोलणी करताना माझा प्रश्न ठरलेला असायचा: रविवारी रात्री त्या गोळ्या कुठल्या कपाटात असतात आणि किल्ली कुणाकडे? उत्तर देताना समोरचा अडखळला की तिथे नाईट ड्यूटी लावायची नाही.

राहता राहिले राहिलेले दिवस. कुणाला टायफॉइड, कुणाच्या घरी मयत, कुणाचं लग्न. शंभर टक्के हजेरीचा नियम, म्हणून प्रत्येक बुडालेला दिवस भरून काढायचा. पण तिचा गट पुढच्या वॉर्डात गेलेला. एका मुलीसाठी वेगळी शिक्षिका पाठवता येत नाही. मग अशा सगळ्या सेमिस्टरच्या उरल्यासुरल्या मुली एकत्र करून सुट्टीत एकच गट काढायचा. २०२० च्या मार्चमध्ये पोस्टिंग थांबली तेव्हा तर अख्खे वर्गच राहिलेल्या दिवसांच्या वहीत उतरले. माझ्याकडे त्या काळची दोनशेपानी वही होती, तारखा लाल पेनने, भरून काढल्या की हिरव्याने. काही कॉलेजांत आता सॉफ्टवेअर आहे. ते दिवस बिनचूक मोजतं, पण इनचार्ज सिस्टर रजेवर आहेत हे त्याला कळत नाही.

ॲडमिशनला येणारे पालक फी विचारतात, होस्टेल बघतात, लॅबमधला पुतळा बघतात. त्यांनी आणखी थोडं विचारावं: मुली कुठल्या लेबर रूमला जातात, तिथे महिन्याला बाळंतपणं किती, आणखी किती कॉलेजं तिथे येतात, रात्री सोबत कोण असतं. आणि जमलं तर त्या दवाखान्यात सकाळी साडेनऊला एक चक्कर मारावी. वॉर्डाच्या दारात उभं राहून मुली कुठे आहेत ते बघावं, खाटेपाशी की जिन्यात.